अमेरिकेचा कॉमर्स क्लॉज कसा वाचायचा: कोंबडी, गहू, मोटेल आणि चोर्ला घाटातला टेम्पो

माझी मामेबहीण लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन, "दादा, हा कॉमर्स क्लॉज वाचून वाचून डोकं फिरलं, एका केसमध्ये कोर्ट म्हणतं केंद्राला पॉवर आहे, दुसऱ्यात म्हणतं नाही, तिसऱ्यात गव्हाचं कायतरी, नक्की आहे काय ते?" कॉमर्स क्लॉज म्हणजे अमेरिकेच्या संविधानातली, केंद्राला राज्याराज्यांतल्या व्यापारावर नियम करायची पॉवर देणारी ओळ. तिला तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण दर वर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं. आणि मी स्वतः ह्याच प्रश्नावर आपटलेला माणूस आहे. पेपरात मी बिनधास्त ठोकून दिलं होतं की जो विषय कुठल्याच यादीत नाही तो आपोआप वॉशिंग्टनकडे जातो. पंधरा मार्कांचा प्रश्न, मिळाले दोन, आणि ते दोन पण बहुतेक अक्षर बरं होतं म्हणून.

तर पहिलं काम हेच, आपली सातवी अनुसूची थोडा वेळ कपाटात ठेवून द्या. आपल्याकडे तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्याची, समवर्ती, आणि उरलंसुरलं सगळं कलम २४८ प्रमाणे केंद्राचं. अमेरिकेत बरोबर उलटं आहे. तिथे यादी एकच, केंद्राची, आणि ती पण छोटी. त्या यादीत नाही ते राज्यांचं किंवा लोकांचं, असं १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. म्हणजे गोव्याच्या विधानसभेनं कायदा केला तर आपण विचारतो "ह्यांना पॉवर आहे का?", तिथे हा प्रश्न आधी केंद्राला विचारायचा. राज्याला पॉवर असतेच, तिला कुठे अडवलंय का एवढंच बघायचं. हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय पुढे जाऊ नका, मी गेलो होतो म्हणून सांगतो. (आणि हो, काँग्रेस म्हणजे तिथली संसद. बहिणीनं एका ट्युटोरियलमध्ये "काँग्रेस पक्षाने कायदा केला" असं लिहिलं होतं, सरांनी अख्ख्या वर्गात वाचून दाखवलं.)

असं उलटं का, तर तिथे राज्यं आधीची आणि देश नंतरचा. तेरा राज्यं इंग्लंडपासून सुटली आणि १७८१ मध्ये आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन नावाच्या ढिल्या करारानं बांधली गेली, त्यात केंद्राला कर लावायची पण सोय नव्हती आणि राज्याराज्यांतल्या व्यापारावर नियम करायची पण नव्हती. मग व्हायचं तेच झालं, ज्याच्याकडे बंदर तो शेजाऱ्याच्या मालावर पैसे उकळायला लागला. न्यू जर्सी बिचारं एका बाजूला न्यूयॉर्क, दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया ह्यांच्यात अडकलेलं, दोन्हीकडून पिळलं जायचं, संविधान लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या मॅडिसननं त्याला दोन्ही टोकांना तोट्या लावलेल्या पिंपाची उपमा दिली होती. फेणीचं पिंप डोळ्यापुढे आणा, दोन्हीकडून गळतंय आणि मालक मध्ये बसून बघतोय. १७८६ मध्ये ॲनापोलिसला पाच राज्यांचे लोक ह्या व्यापाराच्या भांडणावरच जमले होते आणि त्यातूनच पुढच्या वर्षीची फिलाडेल्फियाची बैठक झाली जिथे हे संविधान लिहिलं गेलं. थोडक्यात म्हणजे व्यापाराचं भांडण हे त्या संविधान जन्मायचं एक मुख्य कारण.

मला हे कळायला फार त्रास झाला नाही कारण आमचं गोव्यात साखळी गावाला दुकान आहे. बाबांचा किराणा आणि भाजी, भाजी सगळी बेळगावची, चोर्ला घाटातून पहाटे टेम्पो उतरतो. जीएसटी यायच्या आधी, म्हणजे २०१७ च्या आधी, किराणाचा टेम्पो नाक्यावर कागदासाठी उभा राहिला की बाबा फोनवर फोन करायचे आणि इकडे गिऱ्हाईक साखरेसाठी उभं. सीमा म्हणजे काय हे दुकानदाराला पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

आता दुसरं काम, मूळ वाक्य वाचा. गाईड नको, नोट्स नकोत, मूळ. आर्टिकल १, सेक्शन ८, त्यात अठरा कलमं आहेत, त्यातलं तिसरं. मराठीत साधारण असं होईल: काँग्रेसला परदेशांबरोबरच्या, निरनिराळ्या राज्यांमधल्या आणि इंडियन जमातींबरोबरच्या व्यापाराचं नियमन करायची पॉवर आहे. संपलं. दोनशे वर्षांची मारामारी ह्या एका ओळीवर. पेन्सिल घ्या आणि तीन शब्दांखाली रेघ मारा: "व्यापार", "राज्यांमधला", "नियमन". प्रत्येक केस ह्या तिघांपैकी कुठल्या शब्दावर भांडते आहे ते समासात लिहीत जा, अर्धा अभ्यास तिथेच होतो. शिवाय अठरावं कलम पण वाचा, वरच्या पॉवर वापरायला जे आवश्यक आणि योग्य असेल ते कायदे करता येतील असं ते म्हणतं. १८१९ च्या मॅकलक विरुद्ध मेरीलँडमध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीश मार्शलनी त्याचा अर्थ चांगलाच सैल लावला, "आवश्यक" म्हणजे अगदी त्याशिवाय अडेल असं नाही, सोयीचं असलं तरी चालेल. हे कलम नंतर गुपचूप फार कामाला येतं.

तिसरं काम आणि इथे माझं मत सगळ्या गाईडवाल्यांपेक्षा वेगळं आहे. सगळे १८२४ पासून सुरू करतात आणि मुलं १९३५ पर्यंत पोचेपर्यंत दमतात. तुम्ही १९९५ ची युनायटेड स्टेट्स विरुद्ध लोपेझ आधी वाचा आणि मग मागे जा. कारण लोपेझमध्ये कोर्टानं मागच्या सगळ्या केसेसचा पसारा आवरून तीन खण केलेत. पहिला खण, व्यापाराचे मार्ग, म्हणजे हायवे, नद्या, समुद्र. दुसरा, व्यापाराची साधनं आणि त्यातून जाणारी माणसं-माल, म्हणजे ट्रक, रेल्वे, विमान, टेम्पोतली कोबी. तिसरा, अशा गोष्टी ज्यांचा राज्याराज्यांतल्या व्यापारावर मोठा परिणाम होतो. पहिले दोन सोपे आहेत, आमचा चोर्ला घाट पहिल्या खणात, टेम्पो दुसऱ्यात. भांडण सगळं तिसऱ्या खणात आहे.

लोपेझची गोष्ट अशी. सॅन अँटोनियोच्या एका हायस्कूलमध्ये बारावीतला मुलगा पिस्तूल घेऊन आला. १९९० चा फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा होता की शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणं गुन्हा. सरकारी वकिलाचं म्हणणं, बंदुका आल्या की गुन्हे वाढतात, गुन्हे वाढले की विम्याचा खर्च वाढतो, लोक त्या भागात प्रवास करत नाहीत, आणि शाळेत भीती असली की शिक्षण कच्चं राहतं, शिक्षण कच्चं की अर्थव्यवस्था कच्ची. कोर्ट म्हणालं, अशी साखळी जोडत गेलं तर जगात असं काय आहे जे व्यापार नाही? म्हणजे बघा ना, पोरानं गृहपाठ केला नाही, म्हणून नापास झालं, म्हणून नोकरी नाही, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक गिऱ्हाईक कमी, आणि म्हणून दिल्लीनं गृहपाठावर कायदा करावा. ५ विरुद्ध ४ नं कायदा पडला. १९३७ नंतर पहिल्यांदाच कॉमर्स क्लॉजच्या बाहेर गेला म्हणून कायदा पडला म्हणून ही केस इतकी गाजली. पण पुढचं कोणी वाचत नाही, काँग्रेसनं १९९६ मध्ये त्याच कायद्यात एक ओळ घातली, की ती बंदूक राज्याराज्यांतल्या व्यापारातून आलेली असली पाहिजे, आणि काम चालू. व्यापाराशी धागा कायद्यातच लिहिलेला आहे का हे म्हणूनच बघायचं असतं, परीक्षेच्या प्रॉब्लेममध्ये ही ओळ मुद्दाम काढून टाकलेली असते.

आता तीन खण हातात घेऊन मागे जा.

१८२४, गिबन्स विरुद्ध ऑग्डन. न्यूयॉर्कनं आपल्या पाण्यात वाफेच्या बोटी चालवायचा मक्ता लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन ह्यांना देऊन टाकला होता. ऑग्डननं त्यांच्याकडून परवाना घेतलेला, गिबन्सकडे मात्र फेडरल कायद्याचा किनारी वाहतुकीचा परवाना, आणि तो न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला बोट आणायचा. असं धरा की गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या तेरेखोल नदीवर किरणपाणी ते आरोंदा बोट चालते, आणि एका काठाचं सरकार म्हणतं आमच्या माणसाशिवाय कोणी इथे लागायचं नाही. मार्शल म्हणाले व्यापार म्हणजे नुसती खरेदी-विक्री नाही, येणंजाणं, बोट चालवणं पण त्यातच, आणि "राज्यांमधला" म्हणजे सीमेवर येऊन थांबतो असं नाही, तो राज्याच्या आतपर्यंत शिरतो. जे पूर्णपणे एका राज्याच्या पोटात आहे तेवढं राज्याचं. ह्या शेवटच्या वाक्याला सगळे विसरतात, तुम्ही विसरू नका.

मग मधला काळ, ह्याला मी अडेलतट्टू काळ म्हणतो. १८९५ च्या ई. सी. नाइट केसमध्ये एका साखर कंपनीच्या हातात देशातली जवळजवळ ९८ टक्के साखर-शुद्धीकरण आलं तरी कोर्ट म्हणालं उत्पादन म्हणजे व्यापार नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर डिचोलीच्या खाणीत खनिज काढणं हे उत्पादन, तेच खनिज बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावला निघालं की व्यापार. खाण राज्याची, बार्ज केंद्राची. ऐकायला छान, पण खाण बंद तर बार्ज रिकामी, हे गोव्यात कोणालाही विचारा. १९१८ ला हॅमर विरुद्ध डॅगनहार्टमध्ये ह्याच तर्कानं बालमजुरीविरुद्धचा फेडरल कायदा पाडला, गिरणीत मुलं राबतात ते उत्पादन आहे, व्यापार नाही. होम्स ह्या न्यायमूर्तींनी कडक विरोधी मत लिहिलं, ते जरूर वाचा, थोडंच आहे.

१९३५ ला ब्रुकलिनच्या कोंबडीवाल्यांची शेक्टर केस. मंदीचा काळ, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारनं धंद्याधंद्याला आचारसंहिता केल्या होत्या, पगार किती, तास किती, आणि गिऱ्हाइकानं खुराड्यातून आवडीची कोंबडी निवडून घ्यायची नाही असं पण एक होतं. (म्हापशाला हा नियम एक दिवस टिकला नसता.) कोंबड्या बहुतेक दुसऱ्या राज्यांतून आलेल्या, पण कोर्ट एकमतानं म्हणालं की त्या ब्रुकलिनमध्ये उतरल्या, कापल्या, तिथेच विकल्या, व्यापाराचा प्रवाह तिथे संपला. पुढच्या वर्षी कोळसा खाणींचा कायदा पण पडला. रूझवेल्ट चिडला, दुसऱ्यांदा निवडून आला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये कोर्टात जास्तीत जास्त सहा न्यायमूर्ती वाढवायचा प्लॅन आणला. तो प्लॅन फसला पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोन्स अँड लॉफलिन स्टीलच्या केसमध्ये कोर्टानं ५-४ नं दिशा बदलली: पोलादाच्या कारखान्यात कामगारांचा संप झाला तर त्याचा परिणाम अनेक राज्यांतल्या व्यापारावर होतो, म्हणून युनियनच्या हक्काचा फेडरल कायदा चालेल. धमकीमुळे बदलली की आधीच बदलत होती ह्यावर लोक अजून भांडतात, त्यात तुम्ही पडू नका, मार्क नाहीत. १९४१ च्या डार्बी केसमध्ये हॅमर केस सरळ रद्दच केली.

आता गहू. ही केस एवढी मजेशीर आहे की हिच्यावर जरा जास्त वेळ घालवा. १९४२, विकर्ड विरुद्ध फिलबर्न. ओहायोतला शेतकरी. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून १९३८ च्या कायद्यानं प्रत्येकाला किती पेरायचं ते ठरवून दिलेलं, ह्याला मिळाले ११.१ एकर, ह्यानं पेरले २३. जास्तीचा गहू निघाला २३९ बुशेल (धान्य मोजायचं तिथलं माप), दंड बुशेलमागे ४९ सेंट, एकूण ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला हा जास्तीचा गहू मी बाजारात नेणारच नव्हतो, माझ्या जनावरांना, माझ्या घरच्या पिठाला, माझ्या बियाणाला. ह्यात व्यापार कुठे आला?

हे मी बहिणीला असं समजावलं. वाळपईच्या बाजूला आमच्या काकाचं कुळागर आहे, नारळ, सुपारी, मिरी. समज दिल्लीनं नियम केला की नारळाचे भाव टिकवायला काकानं शंभरच माड ठेवायचे. काकानं दीडशे ठेवले. जास्तीच्या पन्नास माडांचे नारळ बाजारात नाही नेले, काकूनं आमटीत घातले, खोबरेल काढलं, चवथीला नेवऱ्या केल्या. दिल्लीचं काय गेलं? बहीण म्हणाली काहीच नाही. मग मी विचारलं, हे पन्नास माड नसते तर काकूनं नारळ कुठून आणले असते? बाजारातून. म्हणजे बाजारातलं एक गिऱ्हाईक कमी झालं की नाही? आता असाच विचार सत्तरीतल्या, फोंड्यातल्या, सिंधुदुर्गातल्या, कारवारातल्या प्रत्येक काकानं केला तर? तिकडे फोनवर दोन मिनिटं शांतता. मग म्हणाली, "अरे देवा, म्हणजे काकू पण कॉमर्स!" बरोबर हेच कोर्ट म्हणालं आणि तेही एकमतानं. एकट्याचा परिणाम क्षुल्लक असेल, पण त्याच्यासारख्या सगळ्यांची बेरीज करा. ह्याला एकत्रीकरणाचं तत्त्व म्हणतात आणि तिसऱ्या खणाची हीच किल्ली आहे. मला व्यक्तिशः हा निकाल ताणलेला वाटतो, पण तर्कात भोक पाडून दाखवा बघू, मी दहा वर्षं प्रयत्न करतोय.

१९६४. ह्या वेळी मात्र ताणलं ते चांगल्यासाठी. नागरी हक्क कायद्यानं हॉटेल-रेस्टॉरंटांना रंगावरून माणसं नाकारायला बंदी केली. तुम्ही विचाराल ह्याला समतेची चौदावी दुरुस्ती का नाही वापरली, तर १८८३ मध्ये कोर्टानं म्हणून ठेवलं होतं की ती दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी मालकाला नाही. म्हणून व्यापाराचा रस्ता. हार्ट ऑफ अटलांटा मोटेलमध्ये २१६ खोल्या, दोन मोठ्या हायवेंच्या जवळ, ७५ टक्के पाहुणे राज्याबाहेरचे. कळंगुटच्या हॉटेलवाल्यानं "आमचा राज्याबाहेर काही संबंध नाही" म्हणावं तसं होतं ते. कृष्णवर्णीय प्रवाशाला रात्री झोपायला जागा मिळत नसेल तर तो प्रवासच करणार नाही, हा व्यापारावर परिणाम. त्याच दिवशी बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यू ह्या रेस्टॉरंटची केस, ते घरगुती, गिऱ्हाईक गावातलंच. पण वर्षभरात घेतलेल्या मालापैकी ४६ टक्के मांस असं होतं जे गावातल्या पुरवठादारानं राज्याबाहेरून आणलेलं. पुरेसं आहे, कोर्ट म्हणालं. गोव्यात ताटातली सुरमई मालवणची की कारवारची ह्यावर तुमचं हॉटेल फेडरल ठरेल असा हा हिशोब.

लोपेझनंतरच्या तीन पटकन. २००० ची मॉरिसन: महिलांवरच्या हिंसेच्या कायद्यातला दिवाणी दाव्याचा भाग पडला, कारण हिंसा ही आर्थिक कृती नाही आणि तिची बेरीज करून व्यापार होत नाही. २००५ ची गोन्झालेस विरुद्ध रायच: कॅलिफोर्नियात औषध म्हणून घरी लावलेला गांजा, राज्याच्या कायद्यात चालणारा, तरी फेडरल बंदी टिकली ६-३ नं, कारण गांजाचा बाजार आहेच आणि घरचा-बाहेरचा ओळखायचा कसा, म्हणजे फिलबर्नचा गहू परत. आणि २०१२ ची एनएफआयबी विरुद्ध सिबेलियस, ओबामाच्या आरोग्य विम्याची. विमा घ्याच, नाहीतर दंड भरा, अशी सक्ती. इथे भांडण तिसऱ्या शब्दावर आलं, "नियमन". जो माणूस बाजारात आलाच नाही त्याला ओढून आणणं हे नियमन नाही, असं पाच न्यायमूर्ती म्हणाले, उद्या सरकार म्हणेल ब्रोकोली विकत घ्या. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी तोच दंड कर म्हणून वाचवला. म्हणून प्रॉब्लेममध्ये कॉमर्स क्लॉजवर कायदा पडला तरी पेन खाली ठेवू नका, कराची पॉवर आहे, खर्चाची पॉवर आहे. खर्चाची म्हणजे १९८७ ची साउथ डकोटा विरुद्ध डोल बघा: दारूचं वय २१ करा, नाहीतर हायवेच्या पैशातले ५ टक्के कापू. हुकूम नाही, आमिष. आमच्या गोव्यात वय १८, तिकडचे पर्यटक आले की पोरं खूश का असतात ते कळलं असेल. उलट सरळ हुकूम देता येत नाही, राज्याच्या अधिकाऱ्यांना केंद्रानं कामाला जुंपायचं नाही असं १९९७ च्या प्रिंट्झ केसमध्ये आणि राज्याच्या विधिमंडळानं अमुक कायदा करू नये असं केंद्रानं सांगायचं नाही असं २०१८ च्या मर्फी केसमध्ये ठरलंय.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि इथे गोव्याचा माणूस पुण्या-मुंबईच्या पोराला सहज हरवू शकतो. काँग्रेसनं काही कायदा केलाच नाही, आणि राज्यानं आपला कायदा करून बाहेरचा माल अडवला, तर? क्लॉज तर फक्त काँग्रेसला पॉवर देतो, राज्याला बंदी करतो असं कुठे लिहिलेलं नाही. पण कोर्ट म्हणतं ती बंदी त्यात गृहीत आहे, क्लॉज झोपलेला असला तरी कूस बदलतो. म्हणून नाव डॉर्मंट कॉमर्स क्लॉज. आपल्याकडे हे झोपेतलं नाही, कलम ३०१ मध्ये जागेपणी लिहिलंय की देशभर व्यापार मोकळा असेल, आणि ३०४ मध्ये राज्याला कुठपर्यंत सूट ते पण. १९६१ ची अतिआबारी टी आणि २०१६ ची नऊ न्यायमूर्तींची जिंदाल स्टेनलेस ह्या दोन केसेस तुलनेला जोडा, जिंदालचं सार एवढंच की नुसता कर म्हणजे अडथळा नाही, भेदभाव करणारा कर असेल तर प्रश्न.

डॉर्मंटचा प्रश्न सोडवायचा असा. आधी विचारा, कायदा बाहेरच्याला तोंडावर वेगळं वागवतो का? वागवत असेल तर जवळजवळ मेलाच. १९७८ मध्ये न्यू जर्सीनं बाहेरचा कचरा आणायला बंदी केली, पडली, कचरा पण व्यापारच. २००५ च्या ग्रॅनहोम केसमध्ये मिशिगन-न्यूयॉर्क राज्यांतल्या वाइनवाल्यांना घरपोच विकायची मुभा आणि बाहेरच्यांना नाही, पडलं, आणि तेही एकविसाव्या दुरुस्तीनं दारूचा विषय राज्यांकडे दिलेला असताना. भेदभाव नसेल तर १९७० च्या पाइक केसचा तराजू, राज्याचा फायदा किती आणि व्यापारावरचं ओझं किती. कॅलिफोर्नियानं डुकरिणीला पुरेशी जागा दिली नसेल तर ते मांस आमच्या राज्यात विकायचं नाही असा नियम केला तो २०२३ मध्ये टिकला, कारण तो घरच्या-बाहेरच्या सगळ्यांना सारखाच होता.

आणि आता मासे. २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलीन हे घातक रसायन असल्याचा गोंधळ झाला तो आठवतो ना, बाहेरून येणाऱ्या मासळीवर गोव्यानं बंदी घातली होती, मडगावच्या घाऊक बाजारात शुकशुकाट, आमच्या घरी आजीनं आठवडाभर सुकं बांगडं काढलं आणि रोज सरकारला शिव्या. हाच प्रश्न अमेरिकेत गेला असता तर? तोंडावर भेदभाव आहे, बाहेरचा मासा बंद, घरचा चालू. पण थांबा, १९८६ ची मेन विरुद्ध टेलर वाचा. मेन राज्यानं गळाला लावायचे जिवंत छोटे मासे बाहेरून आणायला बंदी केली, कारण त्यांच्याबरोबर परजीवी येतात आणि मेनच्या माशांना धोका. भेदभाव असूनही बंदी टिकली, ८-१ नं, कारण हेतू खरा होता आणि एवढ्या छोट्या माशांची मोठ्या संख्येनं तपासणी करायची चालण्यासारखी पद्धतच तेव्हा नव्हती. आता फॉर्मेलीनला लावा. हेतू खरा, लोकांचं आरोग्य. पण दुसरा रस्ता होता का? फॉर्मेलीन तपासायचे किट असतात, ट्रक नाक्यावर थांबवून तपासता येतो, बर्फाची गाडी सक्तीची करता येते. म्हणून माझं उत्तर, अमेरिकन कोर्टात सरसकट बंदी बहुधा टिकली नसती, तपासणीची अट टिकली असती. बहीण म्हणाली ती उलट लिहिणार, तपासणीचा निकाल येईपर्यंत मासा कुजतो म्हणून बंदीच योग्य. लिही म्हटलं, तर्क दिलास तर दोन्हीला मार्क आहेत.

उत्तर लिहिताना क्रम मात्र सोडू नका. कायदा केंद्राचा की राज्याचा हे पहिल्या ओळीत. केंद्राचा असेल तर कुठला खण, तिसरा असेल तर ती कृती आर्थिक आहे का, आर्थिक असेल तर फिलबर्न आणि बेरीज, नसेल तर लोपेझ आणि मॉरिसन, कायद्यात व्यापाराचा धागा लिहिलाय का, नसेल पुरत तर अठरावं कलम, मग कर, मग खर्च. राज्याचा असेल तर आधी बघा काँग्रेसचा त्या विषयावर कायदा आहे का, असेल आणि टक्कर होत असेल तर फेडरल वरचढ, गिबन्सचा निकाल शेवटी त्यावरच लागला होता. नसेल तर डॉर्मंट, आणि डॉर्मंटमध्ये शेवटी एक ओळ जरूर टाका की काँग्रेसला वाटलं तर ती राज्याला असा भेदभाव करायची परवानगी पण देऊ शकते, ही ओळ दहातल्या नऊ पोरांकडून राहते.

केसची वर्षं पाठ नसतील तर कोंबडी, गहू, मोटेल, बंदूक, गांजा, ब्रोकोली एवढा क्रम तरी ठेवा. बहिणीनं तो बाबांच्या दुकानाच्या बिलाच्या मागे लिहून घेतलाय, वर कोबी १२ किलोचा हिशोब, खाली फिलबर्न.